ओला पडदा

वैशाखात पडदा दर तासाला भिजवावा लागे.
दोन पोरं बादल्या घेऊन शिडीवर,
तेव्हा कुठे पलीकडच्या बायांना दिसायचं
अलीकडच्या पुरुषांना दिसायचं तेच,
फक्त उलटं.
डावा हात उजवा. जाणारी बग्गी येणारी.
अक्षरं पाठमोरी.

एम्प्रेस मिलचा भोंगा झाला
की इतवारीतला आमचा पत्र्याचा मांडव भरे.
पडद्याच्या कडेला, अगदी शिवेवर, मी आणि माझी पेटी.
आडनाव निनावे. कोष्ट्याचा पोर,
धोटा टाकून सुरांत शिरलेला.
समोर टेबलावर उभा श्यामराव कुहीकर,
पडद्यावर पाटी आली की वाचून दाखवणारा.
आवाज असा, की पडद्यावरच्या नटीला वाटावं
आपण रडलो ते यानंच.

त्या महिन्यात खेळ होता एका वकिलाचा.
उशीखाली चिठ्ठी सापडते,
वकील बायकोला दंडाला धरून दाराबाहेर काढतो,
गाव खिडक्यांतून पाहतं.
चिठ्ठी निघते भावाची.
शेवटची पाटी म्हणायची: मी आंधळा होतो. क्षमा कर.

श्यामराव वाचायचा:
"असल्या बाईले क्षमा नाही!"
टाळ्या. शिट्ट्या.
पडद्यावर वकील गुडघे टेकून, हात जोडून बसलेला,
आणि कोणालाच ते खटकायचं नाही.

पलीकडे, तिसऱ्या सतरंजीवर, त्याची भिवरा.
बारा दिवस गप्प. तेराव्या दिवशी
त्याच वाक्यावर ती हसली.
मोठ्यानं नाही. पण मुक्या सिनेमात
हसणं लपतं कुठे?
आणि माझी बोटं थांबली.
तेवढंच. दोन मात्रा. कोमल गांधारावर.

सकाळी हंसापुरीच्या नळावर
त्या दोन मात्रांच्या दोन घागरी भरल्या,
दुपारी तेलीपुऱ्यात हौद.
ती हसली, पेटी थांबली.
समजून घ्या न बाप्पा.

मी तिला कधी पाहिलंच नव्हतं, असं नाही.
कडेवर बसणाऱ्याला दोन्हीकडचं दिसतं.

तिसऱ्या रात्री श्यामराव आला,
शुक्रवारी तलावाच्या पायरीवर,
पंचात गुंडाळलेला दाढीचा आरसा घेऊन.
"म्या विचारलं तिले. बोलली नाही.
परातीत राख पसरली, बोटानं गिरवलं कायतरी.
मले वाटलं करणी हाय.
आरसा धरला, तं क्षमा कर.
लिहिता येते तिले, निनावे. सारं पाठमोरं.
कोनं शिकवलं?
तू?"

मी माझा अंगठा पुढे केला.
पगाराच्या वहीची शाई अजून नखाखाली होती.
तो अंगठ्याकडे बघत राहिला, मग पाण्याकडे.
"मंग कोनं?"

काय सांगणार होतो?
रोज संध्याकाळी टेबलावर उभं राहून
एकेक पाटी, सावकाश, खणखणीत,
मांडवाच्या शेवटच्या बाईपर्यंत पोचेल अशी
कोण वाचत होतं?

मला अक्षरं फार उशिरा आली, मिलच्या रात्रशाळेत.
ऱ्हस्व वेलांटी गिरवताना पाटीवर हात थबकला.
पडद्यामागून ही दीर्घ दिसत असणार.
आणि प्रत्येक वाक्य
शेवटाकडून सुरू.

पण ते पुढचं. त्या आठवड्यात
शेवटची पाटी आली आणि श्यामराव वाचेना.
लोक ओरडले: वाच ना बे!
तोंड उघडं, नजर ओल्या कापडाच्या आरपार.
पलीकडून कोणी हसलं नाही, कोणी वाचलं नाही.
मी भाता हलवत राहिलो, एकही पट्टी न दाबता.
नुसती हवा.
पडद्याच्या काठावरून पाणी ठिबकत होतं,
थोडं त्यांच्या बाजूला,
थोडं आमच्या.